ग्राफिक्स कार्डाची कसोटी : एग्मोरच्या कांस्यमूर्तींचा दाखला

चेन्नई शहरातील एग्मोर हा भाग बहुतेक प्रवाशांना तेथील रेल्वेस्थानकामुळे ठाऊक असतो. १९०८ साली उघडलेल्या त्या तांबड्या इमारतीपासून थोड्याच अंतरावर, पँथिऑन रस्त्यावर, शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. १८५१ साली स्थापन झालेले हे संग्रहालय दक्षिण भारतातील कांस्यमूर्तींसाठी जगभर प्रसिद्ध असून, त्या मूर्तींत तिरुवालंगाडू येथील नटराजाची मूर्ती अग्रगण्य मानली जाते. फ्रान्सचा थोर शिल्पकार ऑगस्त रोदँ याने या नटराजावर एक निबंध लिहिला; तो त्याच्या मृत्यूनंतर, १९२१ साली प्रसिद्ध झाला. रोदँपुढे हा निबंध लिहिताना प्रत्यक्ष मूर्ती नव्हती. होती ती केवळ तिची छायाचित्रे. त्या छायाचित्रांनी मूर्तीचा डौल, तिची चकाकी आणि तिच्या अंगावरील छाया जशाच्या तशा पोहोचविल्या म्हणूनच त्याचे रसग्रहण शक्य झाले.

आज अशा मूर्तीची ओळख दूरच्या माणसाला बहुधा चलच्चित्राद्वारे होते. कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य प्रेक्षकापर्यंत जाण्यापूर्वी संगणकातून जाते. तेथे त्याचे रंग जुळविले जातात, अंधाऱ्या भागातील कण काढून टाकले जातात, निरनिराळी दृश्ये एकमेकांवर चढविली जातात आणि शेवटी ती साठवणुकीस सोयीच्या रूपात आणली जातात. या कामाचा मोठा भाग ग्राफिक्स कार्ड नावाचा संगणकाचा एक घटक करतो. हे कार्ड चुकले, तर प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागत नाही. त्याने मूळ मूर्ती पाहिलेली नसते. म्हणूनच नवे कार्ड कामाला जुंपण्यापूर्वी ते कसे पारखावे, हा प्रश्न केवळ खरेदीविक्रीचा नसून शास्त्रीय पद्धतीचा आहे.

उदाहरणादाखल असे समजू की, एग्मोरमधील एका लहानशा चित्रनिर्मितीगृहाने या कांस्यमूर्तींवर माहितीपट काढावयाचे ठरविले आहे आणि त्यासाठी व्यावसायिक दर्जाचे एक नवे, महागडे कार्ड आणले आहे. खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले आहेत. त्यांतून काय समजावे आणि काय समजू नये?

कार्ड काय काम करते?

संगणकाचा मुख्य प्रक्रियक हा लग्नघरातील आचाऱ्यासारखा असतो. कोणता पदार्थ आधी, कोणता नंतर, मीठ किती, विस्तव किती, हे सारे निर्णय तो एकामागून एक घेतो. परंतु पाचशे पानांची पंगत बसली की एकटा आचारी कितीही निष्णात असला तरी वाढण्याच्या कामाला पुरा पडत नाही. तेथे वाढपी लागतात. प्रत्येकाचे काम सोपे आणि एकसारखे असते. ते सर्वांनी एकदम केल्यामुळे पंगत उरकते. ग्राफिक्स कार्डात असे हजारो लहान गणनघटक असतात आणि ते एकच क्रिया असंख्य ठिकाणी एकाच वेळी करतात.

चित्राच्या कामाला ही रचना का मानवते, हे थोड्या गणिताने कळते. आजच्या प्रचलित ‘फोर-के’ दूरचित्राच्या एका चौकटीत आडव्या ओळीत ३,८४० आणि उभ्या ओळीत २,१६० चित्रबिंदू असतात. म्हणजे एकूण ८२,९४,४०० बिंदू. भारतातील दूरचित्रवाणीच्या प्रथेप्रमाणे सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर दर सेकंदाला २० कोटी ७३ लक्ष ६० हजार बिंदूंवर प्रक्रिया करावी लागते. आणि प्रत्येक बिंदूत तांबडा, हिरवा व निळा असे तीन घटक असतात. एका बिंदूचा हिशेब बहुधा दुसऱ्या बिंदूच्या हिशेबावर अवलंबून नसतो. म्हणूनच हे काम हजारो हातांत वाटून देता येते.

‘जीपीयू’ हे नाव १९९९ साली एनव्हिडिया कंपनीच्या ‘जीफोर्स २५६’ या कार्डाबरोबर रूढ झाले. त्या काळी या कार्डांचा उपयोग मुख्यतः खेळांतील दृश्ये रेखाटण्यासाठी होई. पुढे, विशेषतः २००७ नंतर, कोणतेही समांतर गणित या कार्डांकडून करवून घेण्याची साधने उपलब्ध झाली आणि चित्रनिर्मितीचे क्षेत्र त्यांच्या आवाक्यात आले. व्यावसायिक कार्डे आणि खेळांची कार्डे यांतील गणनघटक पुष्कळदा एकाच घराण्याचे असतात. व्यावसायिक कार्डात अधिक स्मृती, त्या स्मृतीतील चुका सुधारण्याची सोय आणि विशिष्ट आज्ञावलींशी जुळवून तपासलेला ड्रायव्हर यांचे मोल मोजावे लागते. हे मोल आपल्या कामात खरोखर भरून निघते की नाही, ते कसोटीनेच ठरवावयाचे असते.

काळाची कसोटी

सेकंदाला २५ चौकटी दाखवावयाच्या, तर एका चौकटीसाठी ४० सहस्रांश सेकंद मिळतात. एवढ्या अवधीत रंगजुळणी व इतर संस्कार पूर्ण झाले, तर संपादकाला दृश्य अखंड दिसते. न झाले, तर चौकट गळते. येथे सरासरीचा आकडा फसवा ठरतो. समजा, हजार चौकटींची सरासरी ३८ सहस्रांश सेकंद आली. कार्ड उत्तीर्ण झाले असे वाटेल. परंतु त्यांतील पन्नास चौकटींना प्रत्येकी ६० सहस्रांश सेकंद लागले असतील, तर नटराजाभोवतीच्या प्रभावळीवरून कॅमेरा फिरताना दृश्याला हिसके बसतील. म्हणून परीक्षकाने सरासरीबरोबर सर्वांत मंद चौकटींचा वेळही नोंदवावा आणि गळलेल्या चौकटी मोजाव्यात.

मंदपणाचे एक नेहमीचे कारण म्हणजे स्मृती अपुरी पडणे. संस्कार चालू असताना एका फोर-के चौकटीच्या प्रत्येक बिंदूसाठी चार संख्या आणि प्रत्येक संख्येसाठी ३२ बिट राखले, तर ती एकच चौकट सुमारे १३ कोटी २७ लक्ष बाइट व्यापते. दालनातील मंद प्रकाशामुळे छायेत उमटलेले कण काढावयाचे, तर मागच्यापुढच्या मिळून पाच चौकटी तरी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. म्हणजे ६६ कोटी बाइट केवळ या एका पायरीला लागले. अशा पायऱ्या आणि दृश्याचे थर वाढत गेले की कार्डाची स्वतःची स्मृती भरते आणि जास्तीचा ऐवज संगणकाच्या मुख्य स्मृतीत ठेवावा लागतो. कार्डावरील स्मृतीशी दर सेकंदाला शेकडो अब्ज बाइटांची देवघेव होऊ शकते. चौथ्या पिढीच्या ‘पीसीआय एक्सप्रेस’ जोडणीतून मात्र एका दिशेने फार तर ३२ अब्ज बाइट जातात. हमरस्त्यावरची वाहतूक गल्लीत शिरावी तशी कामाची गती एकाएकी कोसळते. हलक्या नमुन्यावर घेतलेल्या चाचणीत हा प्रकार कधीच दिसत नाही. यास्तव, आपल्या कामातील सर्वांत जड प्रसंग निवडून तोच कार्डापुढे ठेवावा.

भागाचा वेग आणि संपूर्णाचा वेग

नवे कार्ड जुन्याच्या तिप्पट वेगवान आहे, असे विक्रेता सांगतो. तो खरे बोलत असला, तरीही काम तिप्पट वेगाने होईल असे नाही. एखाद्या कामाला शंभर मिनिटे लागतात. त्यांतील साठ मिनिटे कार्डाची आणि चाळीस मिनिटे मुख्य प्रक्रियक व साठवणीच्या तबकड्या यांची आहेत, असे धरा. कार्ड तिप्पट वेगवान झाल्यास साठाची वीस मिनिटे होतील. चाळीस मात्र तशीच राहतील. एकूण वेळ साठ मिनिटे, म्हणजे प्रत्यक्ष लाभ तिपटीचा नसून सुमारे पावणेदोन पटीचा. एवढेच काय, कार्डाला शून्य वेळ लागला तरी चाळीस मिनिटांच्या खाली जाता येणार नाही. जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडलेल्या नियमाचे हे साधे रूप आहे. लहान निर्मितीगृहाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की कित्येकदा कार्डाऐवजी साठवणीच्या साधनांवर केलेला खर्च अधिक फलदायी ठरतो. हे कळण्यासाठी कच्च्या चित्रणापासून तयार चित्रापर्यंतचे संपूर्ण काम घड्याळ लावून करून पाहिले पाहिजे.

बिनचूकपणाची कसोटी

वेग मोजणे सोपे असते; चूक शोधणे कठीण. स्मृतीत साठविलेला एखादा बिट विद्युत्‌दोषामुळे किंवा भेदक किरणांमुळे उलटू शकतो. शून्याचा एक झाला, तर एखाद्या बिंदूचा रंग बदलेल किंवा संपूर्ण हिशेबच वाकडा होईल. १९५० साली बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी यावरील उपाय प्रसिद्ध केला. सुट्टीच्या दिवशी यंत्राला लावून दिलेले त्यांचे हिशेब एखाद्या चुकीपाशी थांबून अर्धवट राहत. यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न त्यांना पडला. माहितीबरोबर थोडे जादा बिट ठराविक पद्धतीने साठविले, तर चूक कोठे आहे हे ओळखून ती दुरुस्त करता येते, असे त्यांनी दाखविले. व्यावसायिक कार्डांतील चूक-सुधारक स्मृती या तत्त्वाच्या वंशातील आहे. या सोयीसाठी काही कार्डांत गतीची थोडी किंमत द्यावी लागते. म्हणून ती चालू ठेवून आणि बंद करून, अशा दोन्ही प्रकारे मोजमाप घ्यावे.

बिनचूकपणा तपासण्याची रीत अशी. एक ठराविक दृश्य घ्यावे, त्यावर ठराविक संस्कार मुख्य प्रक्रियकाकडून करवून घ्यावेत आणि तो निकाल प्रमाण म्हणून बाजूला ठेवावा. मग तेच काम नव्या कार्डाकडून करवून दोन्ही चित्रांची बिंदूगणिक वजाबाकी करावी. वजाबाकीचे चित्र सर्वत्र काळे आले पाहिजे.

तथापि, ते काटेकोर काळे येत नाही, आणि याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. संगणकातील ३२ बिटांच्या दशांश गणितात संख्येचे अंक मर्यादित असतात. त्या गणितात १,६७,७७,२१६ मध्ये एक मिळविला तर उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६ च येते; कारण पुढचा एक लिहिण्यास जागा उरलेली नसते. त्यात आणखी एक मिळविला तरी तेच उत्तर. मात्र आधी एक आणि एक यांचे दोन करून ते मिळविले, तर १,६७,७७,२१८ हे बरोबर उत्तर मिळते. म्हणजेच बेरजेचा क्रम बदलला की उत्तर किंचित बदलते. आणि हजारो घटकांत वाटलेल्या कामात हा क्रम सर्वत्र सारखा नसतो. म्हणून परीक्षकाने चाचणीच्या आधीच ठरवावे, की किती फरक क्षम्य आणि किती नाही. सर्व चित्रभर विखुरलेला अत्यल्प फरक हा गणिताचा स्वभाव होय. एकाच ठिकाणी उमटलेला ठळक डाग हा दोष होय. शिवाय, तेच कार्ड तेच काम दहा वेळा करून दर वेळी ठळकपणे वेगळे उत्तर देत असेल, तर त्याचा वेग कितीही असो, ते परत करणेच श्रेयस्कर.

रंगाची आणि डोळ्याची कसोटी

कांस्यमूर्तीचे चित्रण कठीण असते. झिजून गुळगुळीत झालेल्या भागावर दिव्याची तीव्र झळाळी असते, तर दागिन्यांच्या खोबणीत जवळजवळ काळोख असतो. आणि या दोहोंमधील उतार अतिशय सौम्य असतो. आठ बिटांत प्रत्येक रंगघटकाच्या केवळ २५६ पायऱ्या मावतात, दहा बिटांत १,०२४. पायऱ्या अपुऱ्या पडल्या, तर मूर्तीमागील भिंतीवरचा मावळता प्रकाश सलग न दिसता पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो.

हे पट्टे प्रत्यक्षाहून अधिक ठळक भासतात. दोन छटा जेथे मिळतात तेथे मानवी दृष्टी त्यांतील भेद वाढवून दाखविते. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली वर्णिलेला हा दृष्टीचा धर्म त्याच्याच नावाने ओळखला जातो. म्हणून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू चढत जाणारी एक पट्टी तयार करून ती कार्डातून पडद्यावर पाहणे ही उत्तम चाचणी होय. मात्र कार्ड, जोडतार, पडदा आणि आज्ञावली या चारांपैकी एक जरी आठ बिटांवर अडला, तरी पट्टे दिसतात. तेव्हा दोष कार्डावर ढकलण्यापूर्वी एकेक दुवा स्वतंत्रपणे तपासावा.

या साखळीतील अखेरचा दुवा म्हणजे परीक्षकाचा डोळा. एग्मोरमध्येच, १८१९ साली स्थापन झालेल्या आणि जगातील अत्यंत जुन्या नेत्ररुग्णालयांत गणल्या जाणाऱ्या शासकीय नेत्ररुग्णालयाचे आवार आहे. रंगांधळेपणा तपासण्याचे इशिहारा यांचे ठिपक्यांचे तक्ते १९१७ पासून जगभर वापरात आहेत. तांबड्या-हिरव्यातील भेद कमी कळणारे पुरुष समाजात थोडेथोडके नसतात आणि पुष्कळांना ते स्वतःला माहीत नसते. रेल्वेच्या चालकाची रंगदृष्टी तपासल्याविना त्याच्या हाती गाडी देत नाहीत. रंगजुळणीचा निवाडा करणाऱ्यालाही हाच नियम लावणे युक्त होय. याखेरीज, समोरचे चित्र जुन्या कार्डाचे की नव्या, हे निवाडा करणाऱ्याला सांगू नये. महागड्या वस्तूचे चित्र चांगलेच असणार, हा पूर्वग्रह प्रामाणिक माणसालाही चकवितो.

उन्हाळ्याची कसोटी

मोठ्या व्यावसायिक कार्डाला तीनशे वॅट किंवा त्याहून अधिक वीज लागू शकते आणि तिची जवळजवळ सर्व उष्णता होते. कार्ड ठराविक मर्यादेपलीकडे तापले की स्वसंरक्षणार्थ आपली गती आपणच उतरविते. पाच मिनिटांच्या चाचणीत ते थंड असते. एक तासाच्या कामात त्याचे खरे रूप दिसते. चेन्नईत मे महिन्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. ३१ मे २००३ रोजी तेथे ४५ अंश सेल्सियसची नोंद झाली होती. शीत प्रदेशातील प्रयोगशाळेत मिळालेले आकडे अशा हवेत जसेच्या तसे लागू पडतील असे मानता येत नाही. म्हणून चाचणी किमान तासभर अखंड चालवावी आणि खोलीचे तापमान, कार्डाचे तापमान व चौकटींचा वेग हे तिन्ही दर पाच मिनिटांनी लिहून ठेवावेत. पंख्याचा आवाजही ऐकावा. त्याच खोलीत ध्वनिमुद्रण व्हावयाचे असेल तर तो क्षुल्लक नाही. तीनशे वॅटचे कार्ड दहा तास पूर्ण भाराने चालले तर तीन युनिट वीज खर्च होते. खोली थंड ठेवण्याचा खर्च त्याहून निराळा.

नोंदवहीचे महत्त्व

चाचणी कोणतीही असो, तिचे काही नियम समान आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कार्डाबरोबर ड्रायव्हर आणि संपादनाची आज्ञावलीही बदलली, तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही. प्रत्येक मोजमाप निदान पाच वेळा घ्यावे. त्यांतील मधला आकडा आणि दोन टोकांचे आकडे नोंदवावेत. ड्रायव्हरची आवृत्ती व तारीख लिहावी. कारण नव्या आवृत्तीने जुनी चाचणी निरर्थक होऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणता निकाल आला तर कार्ड नापास समजावयाचे, हे आधी लिहून ठेवावे. जिच्यात नापास होणे शक्यच नाही, ती परीक्षा नव्हे.

एवढी दक्षता एका यंत्राच्या भागासाठी कशाला, अशी शंका येईल. तिचे उत्तर चेन्नईच्याच इतिहासात आहे. आर. नटराज मुदलियार यांनी पुण्यात एका इंग्रज छायाचित्रकाराकडून कॅमेऱ्याचे तंत्र शिकून घेतले आणि मद्रासला परतून मिलर्स रस्त्यावर चित्रगृह उभारले. एग्मोरपासून फार दूर नसलेल्या त्या जागी १९१७–१८ च्या सुमारास ‘कीचक वधम्’ हा दक्षिण भारतातील पहिला कथाचित्रपट निर्माण झाला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोपर्यंत मूकपटांचा फार मोठा भाग नष्ट झालेला होता. आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यातील आगीत जुन्या चित्रपटांच्या अनेक नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. ज्या फिती उरल्या आहेत त्या झिजत आहेत. संगणकात उतरवून त्यांवरील ओरखडे काढण्याचे काम आता याच कार्डांच्या साह्याने चालते. तेथे कार्डाने एखादी रेघ ओरखडा समजून पुसली किंवा एखादी छटा चुकविली आणि ती चूक कोणाच्या लक्षात आली नाही, तर मूळ फीत विरून गेल्यावर ती चूक हाच इतिहास होऊन बसेल.

एग्मोरच्या संग्रहालयात १९३० साली रसायनशास्त्रीय संधारणाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि एस. परमशिवन यांच्यासारख्या रसायनज्ञाने तेथे काम केले. कांस्याला क्लोराइडांमुळे जडणारा हिरवट रोग दमट हवेत मूर्तीला आतून पोखरीत जातो. विद्युत्‌रासायनिक प्रक्रियेने तो रोखता येतो. परंतु प्रक्रिया आधी पारखल्याविना मूर्तीवर करावयाची नाही, हा त्या शास्त्राचा पाठ आहे. कारण खरडून गेलेली नक्षी परत आणता येत नाही. मूर्तीच्या धातूला जो नियम लागू, तोच तिच्या चित्रालाही. नव्या कार्डाची पारख करणाऱ्या निर्मितीगृहाने आपली नोंदवही उघडताना मूळ चित्रणाची एक अस्पर्शित प्रत स्वतंत्र जागी ठेवावी, तिची तपासणी-संख्या पहिल्या पानावर लिहावी, आणि मगच कार्डाला वीज द्यावी.